फिर्यादी नसलेला गुन्हा

१९८६ साली महाराष्ट्र सरकारच्या आरोग्य खात्यानं मुंबईत एक छोटी पाहणी करवून घेतली. डॉ. नोशिर अंटिया यांच्या ‘फाउंडेशन फॉर रिसर्च इन कम्युनिटी हेल्थ’ या संस्थेतर्फे डॉ. संजीव कुळकर्णी शहरातल्या ५० स्त्रीरोगतज्ज्ञांना भेटले. पोटातलं बाळ मुलगा आहे की मुलगी हे ओळखण्यासाठी तुम्ही गर्भजलाची तपासणी करता का, हा त्यांचा मुख्य प्रश्न होता. ४२ जणांनी, म्हणजे ८४ टक्के डॉक्टरांनी, हो म्हणून सांगितलं. सांगताना कुणी आवाज खाली आणला नाही. आणायचं कारणही नव्हतं, कारण तसं करायला कायद्यानं मनाई नव्हती. लागोपाठ मुली झालेल्या बाईची ह्यात सुटकाच होते, म्हणजे ही एक प्रकारची सेवा आहे, असं त्यांतल्या बऱ्याच जणांचं मत होतं. काहींना तर हे कुटुंबनियोजनाचं चांगलं साधन वाटत होतं.

इतक्या शिकलेल्या माणसांना हे इतकं सरळ का वाटलं, हे समजायला आणखी तीस वर्षं मागं जावं लागतं.

गर्भाभोवतालच्या पाण्यात गर्भाच्या पेशी तरंगत असतात आणि त्या तपासून लिंग ओळखता येतं, हे १९५६ मध्ये डेन्मार्कच्या फुक्स आणि रीस या डॉक्टरांनी दाखवून दिलं. हेतू रोगनिदानाचा होता. हिमोफिलियासारखे काही आजार बहुधा मुलग्यांनाच होतात, तेव्हा अशा घराण्यातल्या आईला आधी सांगता यावं, एवढंच त्यांच्या मनात होतं. पुढं पेशी वाढवून गुणसूत्रं मोजता येऊ लागली आणि डाऊन सिंड्रोमसारखे दोष जन्माआधी कळू लागले. आईच्या पोटातून लांब सुई घालून थोडं पाणी काढायचं, असं या चाचणीचं स्वरूप होतं. ती साधारण सोळाव्या आठवड्यानंतर करत.

भारतात ही चाचणी आली तेव्हा जमीन आधीच तयार होती. महाराष्ट्राचे आरोग्यमंत्री शांतिलाल शाह यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीनं १९६६ मध्ये गर्भपाताला कायद्याची मान्यता द्यावी अशी शिफारस केली होती. ती मानून १९७१ मध्ये वैद्यकीय गर्भपाताचा कायदा झाला आणि १ एप्रिल १९७२ पासून लागूही झाला. चोरून केलेल्या गर्भपातांत बायका मरत होत्या. त्यांच्यासाठी हा कायदा खरोखर जीवदान होता. त्यात मुदत २० आठवड्यांची होती आणि गर्भजलाचा निकाल त्या मुदतीच्या आत हाती येत असे. शिवाय देशावर लोकसंख्येच्या धास्तीचं सावट होतं. भिंतीभिंतीवर कुटुंबनियोजनाचे लाल त्रिकोण रंगवले होते. लहान कुटुंब हवं, हे लोकांना पटू लागलं होतं, पण त्या लहान कुटुंबात मुलगा हवाच, ही ओढ तसूभरही कमी झाली नव्हती. दोनच मुलं व्हायची आणि त्यांत एक मुलगा असायचाच, तर नशिबावर भरवसा ठेवून भागत नाही.

दिल्लीच्या ‘एम्स’मध्ये १९७४–७५ च्या सुमारास गर्भजल तपासणीचे पहिले प्रयोग झाले. गर्भातले दोष शोधण्यासाठी म्हणून ते सुरू झाले होते. मुलगी असल्याचं कळल्यावर बहुतेक बायकांनी गर्भपात मागितला. १९७५ मध्ये ‘इंडियन पीडियाट्रिक्स’मध्ये या कामावर जो लेख आला, त्यात एक विचार अगदी मोकळेपणानं मांडला होता: मुलासाठी एकामागून एक बाळंतपणं करणाऱ्या जोडप्यांना लिंग आधी कळलं, तर ही अनावश्यक बाळंतपणं थांबतील. लोकसंख्येचा प्रश्न आणि मुलगा हवा हा हट्ट, दोन्ही एकाच सुईनं सुटतील, असा त्याचा सरळ अर्थ होता. मुलीचं काय, हा प्रश्न या हिशेबात कुठंच येत नव्हता.

टीका होऊ लागली तसं सरकारनं १९७६ ते ७८ च्या दरम्यान सरकारी रुग्णालयांतून ही चाचणी बंद केली. माझ्या मते या सगळ्या कहाणीतली पहिली मोठी चूक इथं झाली. बंदी फक्त सरकारी दवाखान्यांना होती. मागणी तशीच राहिली आणि ती पुरवायला खासगी दवाखाने पुढं आले. १९७९ मध्ये अमृतसरच्या एका खासगी रुग्णालयानं उघड जाहिरात सुरू केली. तिच्यात मुलगी म्हणजे घराला ओझं आणि देशाला धोका असा सूर होता. १९८२ मध्ये त्याच शहरात चाचणीचा निकाल चुकला, मुलग्याचा गर्भ पाडला गेला आणि संसदेपर्यंत खळबळ उडाली. तोवर पाडल्या गेलेल्या मुलींसाठी एवढा आवाज कुणी केला नव्हता.

मुंबईत लोकलच्या डब्यांत, स्टेशनांच्या भिंतींवर जाहिराती लागल्या. आज काही शे रुपये खर्च करा, पुढचे लाखो वाचवा, असा त्यांचा आशय असे. पुढचे लाखो म्हणजे हुंडा, हे वेगळं सांगावं लागत नव्हतं. शहरातल्या एका पाहणीचा आकडा तेव्हापासून पुन्हा पुन्हा सांगितला जातो: लिंगचाचणीनंतरच्या ८००० गर्भपातांपैकी ७९९९ मुलींचे होते.

या जाहिरातींनी अस्वस्थ झालेली माणसं १९८५–८६ मध्ये एकत्र आली आणि गर्भलिंगचाचणी व लिंगनिवडीविरोधी मंच उभा राहिला. त्यात स्त्रीसंघटनांच्या कार्यकर्त्या होत्या, लोकविज्ञान चळवळीतले तरुण होते, डॉक्टर आणि वकीलही होते. विभूती पटेल यांच्यासारख्या अभ्यासक कार्यकर्त्या त्यात होत्या. रवींद्र रु. पं. यांनी जानेवारी १९८६ मध्ये या तंत्रांवर एक अभ्यासपुस्तिका लिहिली. पत्रकं वाटली गेली, दवाखान्यांसमोर निदर्शनं झाली, आईबाप आपापल्या मुलींना घेऊन मोर्चात चालले.

मंचासमोर एक अवघड पेच होता आणि त्यांनी तो कसा सोडवला यावर पुढचा सगळा इतिहास उभा आहे. गर्भपाताचा हक्क बायकांना मिळून फार वर्षं झाली नव्हती. मुलींचे गर्भ पाडण्याविरुद्ध बोलताना गर्भपातालाच विरोध झाला, तर तो हक्क गमावण्याची भीती होती. म्हणून त्यांनी गर्भपाताला हात लावायचा नाही असं ठरवलं. बंदी मागायची ती लिंग सांगणाऱ्या चाचणीवर. बाईनं मूल ठेवावं की नाही हा तिचा निर्णय राहील. डॉक्टरनं काय शोधावं आणि काय सांगावं, यावर मात्र कायद्याचं बंधन येईल. आज हे साधं वाटतं, पण त्या वेळी बाळाविषयीचं ज्ञान आणि बाळाविषयीचा निर्णय या दोन गोष्टी अशा वेगळ्या करणं हे मोठं बौद्धिक काम होतं.

आमदार मृणाल गोरे यांनी विधानसभेत प्रश्न लावून धरला. आरोग्य सचिव डी. टी. जोसेफ यांनी प्रशासनाच्या आतून साथ दिली, कुळकर्णींच्या पाहणीनं पुरावा पुरवला आणि १९८८ मध्ये महाराष्ट्रानं गर्भजल परीक्षेवर नियंत्रण आणणारा कायदा केला. देशातला असा हा पहिला कायदा. त्याच्या उणिवा मंचाला पहिल्याच दिवशी दिसत होत्या. परवाना घेऊन खासगी दवाखान्यांना काम चालू ठेवता येत होतं आणि राज्याची सीमा ओलांडली की कायदा संपत होता. चाचणी करवून घेणाऱ्या बाईला दोषी धरायचं का, यावरूनही तेव्हाच वाद पेटला. देशभराचा कायदा संसदेत १९९४ मध्ये झाला आणि १ जानेवारी १९९६ पासून अमलात आला. बाईच्या प्रश्नावर त्यात स्पष्ट भूमिका आली. तिला ही चाचणी नवऱ्यानं किंवा नातेवाइकांनी करायला लावली, असंच न्यायालयानं गृहीत धरायचं होतं. विरुद्ध पुरावा आला तरच ते गृहीतक मोडायचं. शिक्षा पहिल्या गुन्ह्याला ३ वर्षांपर्यंत कैद आणि दंड.

कायदा तयार होईपर्यंत सुई जुनी झाली होती. तिची जागा सोनोग्राफी घेत होती.

ग्लासगोचे प्रसूतितज्ज्ञ इयन डोनाल्ड १९५५ च्या उन्हाळ्यात शस्त्रक्रियेत काढलेल्या गाठी गाडीत घालून रेनफ्रूच्या एका बॉयलर कारखान्यात गेले होते. तिथं धातूच्या सांध्यातली भेग ध्वनिलहरींनी शोधण्याचं यंत्र होतं. माणसाच्या मांसातली गाठही त्यावर ओळखू येते का, हे त्यांना पाहायचं होतं, आणि ती आली. टॉम ब्राऊन या अभियंत्याच्या मदतीनं त्यांनी यंत्र घडवलं आणि १९५८ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष छापले. सोनोग्राफीची सुरुवात ही अशी. तिनं किती बायका वाचवल्या याची मोजदाद नाही. वार खाली आहे, गर्भ नळीत अडकला आहे, जुळं आहे, बाळाची वाढ थांबली आहे, हे वेळेत कळू लागलं. हे यंत्र वाईट नव्हतं आणि आजही नाही. या विषयावर रागानं बोलणाऱ्यांनी हे आधी मान्य करायला हवं.

नव्वदीच्या दशकात भारतात हे यंत्र स्वस्त झालं, देशात जोडलं जाऊ लागलं आणि कर्जाच्या हप्त्यांवर तालुक्याच्या गावीही पोचलं. सुई नाही, प्रयोगशाळा नाही, काही मिनिटांचं काम. पुढं ते इतकं लहान झालं की गाडीच्या डिकीत मावू लागलं. गर्भजल परीक्षेत कागद, नमुना आणि अहवाल मागं राहत. सोनोग्राफीत मागं काहीच राहत नव्हतं, फक्त डॉक्टरच्या तोंडचा एखादा शब्द. पुढं तोही उरला नाही. अहवाल सोमवारी न्या म्हटलं की मुलगा, शुक्रवारी म्हटलं की मुलगी, अशा खुणा रूढ झाल्या. कायद्याची खरी अडचण इथं आहे. खुनात मेलेल्याचे नातेवाईक फिर्याद देतात, चोरीत ज्याचं गेलं तो देतो. इथं विचारणारा खूश असतो, सांगणारा खूश असतो, पैसे रोख दिले जातात आणि जिचं नुकसान झालं ती जन्मालाच आलेली नसते. तक्रार करायला कुणी उरतच नाही.

गुन्हा पोलीस ठाण्यात दिसला नाही, पण जनगणनेत दिसला. शून्य ते सहा वयोगटात दर हजार मुलग्यांमागं देशात १९९१ मध्ये ९४५ मुली होत्या, २००१ मध्ये ९२७. महाराष्ट्रात हाच आकडा ९४६ वरून ९१३ वर आला. राज्याच्या आत पाहिलं तर चित्र आणखी बोलकं होतं. आदिवासी गडचिरोलीत ९६६, कोल्हापुरात ८३९, सांगलीत ८५१, साताऱ्यात ८७८. ऊस, कालवे, सहकारी कारखाने, शाळा-महाविद्यालयं यांनी भरलेला हा भाग. शाहू महाराजांचं कोल्हापूर, प्रतिसरकारचा सातारा-सांगली. गरिबी आणि अडाणीपणामुळे मुली मारल्या जातात, हे तोवरचं लाडकं स्पष्टीकरण या आकड्यांपुढं टिकलं नाही. ज्यांच्याकडं जमीन होती, तपासणीचे पैसे होते, गाठीशी चांगला डॉक्टर होता, त्यांच्याच घरी मुली सर्वांत कमी होत्या.

जनगणनेच्या आधीच, फेब्रुवारी २००० मध्ये ‘सेहत’ आणि ‘मासूम’ या महाराष्ट्रातल्या दोन संस्था आणि या विषयाचे अभ्यासक डॉ. साबू जॉर्ज यांनी सर्वोच्च न्यायालयात जनहित याचिका दाखल केली. मागणी साधी होती: कायदा आहे, तर तो राबवा. ४ मे २००१ च्या आदेशात न्यायालयानं केंद्र आणि राज्यांना ठणकावलं. मग एक असं पाऊल उचललं गेलं की ज्याचा विचार कायदा करणाऱ्यांनीही केला नव्हता. यंत्रं विकणाऱ्या कंपन्यांनी गेल्या ५ वर्षांत कुणाकुणाला यंत्रं विकली याची यादी न्यायालयानं मागवली. या याद्यांमुळे नोंदणी न केलेली केंद्रं प्रथमच कागदावर आली.

२००३ मध्ये कायदा सुधारला. गर्भधारणेआधीच लिंग निवडण्याची तंत्रंही त्याच्या कक्षेत आली आणि त्याला आज ओळखतो ते ‘पीसीपीएनडीटी’ हे नाव पडलं. सर्वांत मोठा बदल मात्र एका कागदाशी निगडित होता. प्रत्येक गरोदर बाईच्या सोनोग्राफीसाठी ‘एफ फॉर्म’ भरायचा: तपासणी का केली, कुणी पाठवलं, आधीची अपत्यं किती. या नोंदीत त्रुटी राहिली, तर डॉक्टरनं उलट सिद्ध करेपर्यंत तोच गुन्हा मानायचा. फिर्यादी नाही ना, मग कागदच फिर्यादी, असा हा विचार होता. डॉक्टरांना तो जाचक वाटला आणि त्यांची तक्रार सगळीच खोटी नव्हती. एखादी रिकामी ओळ आणि मुलगी असल्याचं सांगणं यांना एकाच मापानं तोलू नये, असं प्रामाणिक डॉक्टर कळकळीनं सांगत होते. स्त्रीरोगतज्ज्ञांच्या राष्ट्रीय संघटनेनं हा वाद सर्वोच्च न्यायालयात नेला. ३ मे २०१९ रोजी न्यायालयानं तरतुदी कायम ठेवल्या. ही नोंद म्हणजे कारकुनी काम नसून तीच या कायद्याचा पाया आहे, असा त्या निकालाचा गाभा होता. मला हा निकाल योग्य वाटतो. तो कागद काढला, तर या गुन्ह्याचा माग काढायला दुसरं काय उरतं?

साताऱ्याच्या ॲड. वर्षा देशपांडे यांनी दुसरी वाट शोधली. त्यांच्या लेक लाडकी अभियानानं गरोदर कार्यकर्त्या आणि गावातल्या सामान्य बायका यांना बनावट गिऱ्हाईक म्हणून संशयित दवाखान्यांत पाठवायला सुरुवात केली. पोटात बाळ असताना एजंटाबरोबर अनोळखी गावी जायचं, टेबलावर झोपायचं, डॉक्टर काय बोलतो ते लक्षात ठेवायचं आणि मग वर्षानुवर्षं न्यायालयात साक्ष द्यायची. अनेकदा समोर तालुक्यातला बडा डॉक्टर असे, त्याच्या ओळखी दूरवर पोचलेल्या असत. या बायकांची नावं कुठं छापून आली नाहीत. कायद्याला साक्षीदार मिळाले ते त्यांच्यामुळे.

कोल्हापुरात जिल्हाधिकारी लक्ष्मीकांत देशमुख यांनी यंत्रावरच यंत्र बसवलं. ‘सायलेंट ऑब्झर्व्हर’ नावाचं हे उपकरण सोनोग्राफी यंत्राला जोडलेलं असे आणि प्रत्येक तपासणीचं चित्रण साठवून ठेवी. एफ फॉर्मही ऑनलाइन भरायचा होता. रेडिओलॉजिस्टांच्या संघटनेनं याला आव्हान दिलं. रुग्णाच्या खासगीपणाचा मुद्दा त्यात होता आणि तो हलका नव्हता. मुंबई उच्च न्यायालयानं ऑगस्ट २०११ मध्ये जिल्हाधिकाऱ्यांच्या बाजूनं कौल दिला. देशमुख हे लेखकही आहेत. याच विषयावर त्यांनी कथा लिहिल्या आणि २०१८ च्या बडोदे साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. २०११ च्या जनगणनेत कोल्हापूरचा आकडा ८३९ वरून ८६३ वर, सांगलीचा ८५१ वरून ८६७ वर आला. उपकरण बसवून फार दिवस झाले नव्हते, त्यामुळे सगळं श्रेय त्याला देता येणार नाही, पण घसरण थांबली हे खरं.

त्याच जनगणनेत बीड ८९४ वरून ८०७ वर कोसळलं. राज्यात सर्वांत खाली. पश्चिम महाराष्ट्रातला ऊस तोडायला दरवर्षी जो जिल्हा कोयता घेऊन बाहेर पडतो, त्याच जिल्ह्यात आता स्वस्त यंत्र आणि एजंटांचं जाळं पोचलं होतं. श्रीमंतांकडून सुरू झालेली रीत वीस वर्षांत दुष्काळी पट्ट्यापर्यंत उतरली. मे २०१२ मध्ये परळीच्या एका दवाखान्यात गर्भपात करताना एक बाई मरण पावली आणि प्रकरण देशभर गाजलं. त्या डॉक्टर दांपत्याला २०१९ मध्ये सत्र न्यायालयानं १० वर्षांची शिक्षा सुनावली. मार्च २०१७ मध्ये मिरज तालुक्यातल्या म्हैसाळ गावात असाच एका बाईचा जीव गेला. तपासात ओढ्याकाठी पुरलेले १९ गर्भ सापडले. तिथला डॉक्टर होमिओपॅथीचा पदवीधर होता.

या कडक कारवाईची किंमतही बायकांनीच मोजली. अन्न व औषध प्रशासनानं २०११–१२ पासून गर्भपाताच्या गोळ्यांवर एवढी करडी नजर ठेवली की औषध दुकानदारांनी त्या ठेवणंच सोडून दिलं. या गोळ्या पहिल्या काही आठवड्यांत घेतात, तेव्हा सोनोग्राफीत लिंग दिसतही नाही. अनेक डॉक्टर चौथ्या-पाचव्या महिन्यातला कायदेशीर गर्भपात करायलाही कचरू लागले. ज्ञानावर बंधन, निर्णयावर नाही, ही १९८६ ची मर्यादारेषा सरकारी यंत्रणेनं पुसट केली. मुलींचा कैवार घेताना त्यांच्या आयांचा हक्क हातचा जाणं, याला मी यश म्हणू शकत नाही.

फेब्रुवारी २०१६ मध्ये तेव्हाच्या केंद्रीय महिला व बालविकास मंत्री मेनका गांधी यांनी उलटी दिशा सुचवली: प्रत्येक गर्भाचं लिंग तपासून नोंदवावं आणि त्या बाळंतपणावर लक्ष ठेवावं. चळवळीतून कडाडून विरोध झाला आणि सूचना मागं पडली. ती अमलात आली असती, तर पाळत यंत्रावरून आणि डॉक्टरवरून उठून थेट गरोदर बाईवर बसली असती.

तंत्र मात्र थांबलं नव्हतं. २००८ मध्ये साबू जॉर्ज पुन्हा सर्वोच्च न्यायालयात गेले, या वेळी इंटरनेटवरच्या जाहिरातींविरुद्ध. शोधयंत्रं चालवणाऱ्या परदेशी कंपन्या समोर होत्या आणि ९ वर्षांनी, १३ डिसेंबर २०१७ रोजी, ते प्रकरण निकाली निघालं. दुसरीकडं संशोधक डेनिस लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ मध्येच दाखवून दिलं होतं की गर्भाचा डीएनए आईच्या रक्तात फिरत असतो. त्यातून आलेल्या चाचणीत दहाव्या आठवड्यापासून आईच्या रक्ताचा एक नमुना पुरतो. डाऊन सिंड्रोम ओळखण्यासाठी ती आज आपल्या शहरांत होते, लिंग न सांगण्याच्या अटीवर. रक्ताची बाटली कुठंही पाठवता येते, निकाल फोनवर येतो. दवाखान्यातल्या यंत्राला सील ठोकणारी तपासणी पथकं इथं कशाला सील ठोकणार?

डिसेंबर २०२२ मध्ये सोलापुरात लग्न न जमलेले तरुण बाशिंग बांधून, घोड्यावर बसून जिल्हाधिकारी कचेरीवर गेले. लिंगनिदानाचा कायदा नीट राबवा, ही त्यांची एक मागणी होती. चाळीस वर्षांत प्रथमच या गुन्ह्याची सामूहिक फिर्याद द्यायला कुणी आलं, आणि ते नवरदेव होते. त्यांचं दुःख खरं आहे. पण मुली हव्यात त्या लग्नासाठी, एवढ्यावर हा प्रश्न येऊन थांबला, तर विभूती पटेल आणि त्यांच्या सोबतिणींनी १९८६ मध्ये मांडलेलं म्हणणं आपल्याला कळलेलंच नाही.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या चौथ्या फेरीत महाराष्ट्रात आधीच्या पाच वर्षांत जन्मलेल्या दर हजार मुलग्यांमागं ९२४ मुली होत्या. २०१९–२१ च्या पाचव्या फेरीत हा आकडा ९१३ वर आला, देशाचा मात्र ९१९ वरून ९२९ वर चढला. या पाहण्या नमुन्यावरच्या आहेत, जिल्ह्याजिल्ह्याचं चित्र त्यांतून नेमकं दिसत नाही. बीडचं ८०७, कोल्हापूरचं ८६३ हे २०११ चे आकडे आहेत. तेव्हा मोजलेल्या मुली आज शाळा-कॉलेजात आहेत किंवा सासरी गेल्या आहेत. पुढची जनगणना १ मार्च २०२७ या तारखेसाठी ठरली आहे. रक्तचाचणी आपल्या शहरांत आल्यानंतरची ती पहिली शिरगणती असेल.